नव्या मालिका, वेबसिरीज आणि प्रेक्षकांची मतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा सीझन आला की दोन दिवसांत त्याच्याबद्दल सगळं बोलून झालेलं असतं. कुणी म्हणतं ‘काय जमून आलंय!’, कुणी म्हणतं ‘वेळ फुकट गेला’, आणि आपण रिमोट हातात धरून बसतो की ऐकायचं कुणाचं. मी मालिका जितक्या आवडीनं पाहते तितक्याच आवडीनं त्यांच्यावरची मतं वाचते. लोक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत. कथानक जिथे थोडं उघड करावं लागलं, तिथे आधी तसं सांगितलं आहे.

समीक्षक डोक्यावर घेतात ते प्रेक्षकांना का आवडत नाही? आणि उलटही का होतं?

कारण दोघं एकच गोष्ट वेगवेगळ्या परिस्थितीत पाहतात. समीक्षकाला बऱ्याचदा सुरुवातीचे काही भाग आधी मिळतात. तो ते पाहतो, मुदतीत लिहितो आणि पुढच्या कामाला लागतो. शेवट कसा झाला हे अनेक परीक्षणांत नसतंच, कारण लिहिणाऱ्यानं तो तेव्हा पाहिलेलाच नसतो. प्रेक्षक मात्र शेवटापर्यंत जातो आणि त्याचं मत शेवटाच्या चवीवर ठरतं.

यातलं सगळ्यात ठळक उदाहरण अजूनही ‘गेम ऑफ थ्रोन्स’चंच आहे. २०१९ मध्ये आठवा आणि अखेरचा सीझन आला. तो नव्यानं बनवा म्हणून निघालेल्या ऑनलाइन याचिकेवर १५ लाखांहून जास्त सह्या झाल्या. त्याच वर्षी त्याच सीझनला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी, म्हणजे अमेरिकन टेलिव्हिजनचा मानाचा पुरस्कार, मिळाला. यात कुणी खोटं बोलत होतं असं मला वाटत नाही. पुरस्कार देणाऱ्यांनी अभिनय, छायाचित्रण, वेशभूषा, युद्धाचे प्रसंग उभे करण्याची ताकद पाहिली. प्रेक्षक आठ वर्षं पात्रांसोबत राहिले होते, त्यांना दिलेला शब्द पाळला गेला का हे बघायचं होतं. दोन्ही बाजूंचं म्हणणं आपापल्या जागी खरं होतं, प्रश्नच वेगवेगळे होते. म्हणून मत वाचताना आधी बघा की हा माणूस कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतोय.

रेटिंगच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

आकडा कसा निघतो हे माहीत असेल तर थोडाफार. समीक्षकांची परीक्षणं गोळा करणाऱ्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळावर दिसणारे ९५ टक्के म्हणजे १०० पैकी ९५ गुण नव्हेत. शंभरातल्या ९५ परीक्षणांचा सूर एकूणात बरा आहे, एवढंच ते सांगतात. प्रत्येकाला मालिका ‘ठीकठाक, बघायला हरकत नाही’ इतपतच वाटली तरी आकडा १०० होऊ शकतो. ६० टक्के गाठले की तिथे टोमॅटो लाल, म्हणजे पसंतीची खूण. उलट, निम्म्या लोकांना वेड लावणारी आणि निम्म्यांना अजिबात न पटणारी मालिका पन्नाशीतच अडकते, आणि माझा अनुभव असा की बघायला हवी ती बऱ्याचदा हीच असते. मेटाक्रिटिक हे दुसरं संकेतस्थळ समीक्षकांच्या गुणांची सरासरी काढतं, पण कुणाच्या गुणांना जास्त वजन, कुणाच्या कमी. चित्रपट-मालिकांची माहिती देणाऱ्या आयएमडीबीवर कुणीही १ ते १० गुण देऊ शकतो आणि तिथली सरासरीही सरळ बेरीज-भागाकाराची नसते.

आयएमडीबीवर माझी सवय सांगते. सरासरीवर थांबू नका, तिच्यावर टिचकी मारून कुणी किती गुण दिले त्याच्या पट्ट्या बघा. बहुतेक मतं ७-८ च्या आसपास असतील तर मालिका तशीच आहे. १० वर एक उंच पट्टी, १ वर दुसरी उंच पट्टी आणि मधे मैदान असेल, तर तिथे मालिकेच्या निमित्तानं दुसरंच भांडण चाललंय.

रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात ते हेच का?

हो. ठरवून, घोळक्यानं, बहुतेक वेळा न पाहताच तळाचे गुण देणं. ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ सप्टेंबर २०२२ मध्ये आली तेव्हा अ‍ॅमेझॉननं प्रेक्षकांचे रिव्ह्यू ७२ तास रोखून धरले होते, आधी तपासून मग दाखवायचे म्हणून. ‘द लास्ट ऑफ अस’च्या पहिल्या सीझनमधला तिसरा भाग, दोन पुरुषांच्या प्रेमाची गोष्ट सांगणारा, समीक्षकांनी उचलून धरला आणि त्याच भागावर एक-एक गुणांचा मारा झाला.

पण एक गोष्ट मला मनापासून खटकते. हल्ली मालिका फसली की ‘आमच्यावर बॉम्बिंग झालं’ म्हणून हात झटकता येतात. प्रत्येक नाराज प्रेक्षक टोळीतला नसतो. फरक ओळखणं फार अवघड नाही. ज्यानं पाहिलंय त्याच्या तक्रारीत प्रसंग असतो: अमुक भागात अमक्यानं असं का केलं, हे पटलं नाही. ज्यानं पाहिलं नाही त्याच्या तक्रारीत फक्त शिक्के असतात.

‘सगळ्यात जास्त पाहिलेली’ म्हणजे सगळ्यात आवडलेली ना?

नाही. आणि ‘पाहिली’ म्हणजे काय, याची व्याख्याही वरचेवर बदलत आली आहे. नेटफ्लिक्स एके काळी एका भागाचा ७० टक्के हिस्सा पाहिला की मोजत असे. मग दोन मिनिटं पुरेशी मानली. २०२१ च्या अखेरीपासून एकूण किती तास पाहिलं गेलं ते सांगू लागले. त्यात लांबलचक मालिकांचा आकडा आपोआप फुगायचा, म्हणून २०२३ पासून ते एकूण तासांना मालिकेच्या लांबीनं भागतात आणि त्याला ‘व्ह्यूज’ म्हणतात.

हिशेब करून बघा. मालिका चार तासांची आहे आणि जगभरात ती आठ कोटी तास पाहिली गेली. व्ह्यूज झाले दोन कोटी. पण हे दोन कोटी लोकांनी शेवटपर्यंत पाहिलं म्हणून झालं, की चार कोटी लोकांनी अर्ध्यात सोडलं म्हणून? आकडा तोच येतो. शेवटापर्यंत किती जण पोचले, हे खरं आवडीचं माप, आणि तेच बाहेर सांगितलं जात नाही.

किती भाग पाहून मत बनवावं?

ठरलेला आकडा नाही. माझा नियम एवढाच की जितकं पाहिलं तितक्यावरच बोलावं. ‘दोन भाग पाहिले, पकड घेतली नाही, सोडली’ हे पूर्ण प्रामाणिक आणि उपयोगाचं मत आहे. ‘मालिका टुकार आहे’ हे दोन भागांवरून म्हणता येत नाही.

‘स्लो आहे’, ‘ताणलंय’, ‘गुंडाळलंय’ या तक्रारींचा नेमका अर्थ काय?

हे तीन शब्द मला सगळ्यात जास्त भेटतात, आणि लोक ते एकमेकांच्या जागी वापरतात तेव्हा खूप काही निसटतं.

‘स्लो’ म्हणजे प्रसंग सावकाश उलगडतो. यात काहीच वाईट नाही. ‘सेव्हरन्स’मध्ये माणसं ऑफिसच्या पांढऱ्या, एकसारख्या कॉरिडॉरमधून चालत राहतात, वळणावर वळणं घेतात, आणि कॅमेरा त्यांच्यासोबत चालत राहतो. घाई असती तर ते कॉरिडॉर नुसता रस्ता झाले असते. वेळ दिला म्हणून तो तुरुंग वाटायला लागतो. असं ‘स्लो’ ज्याला आवडत नाही त्याचं काही चुकत नाही, पण तो मालिकेचा दोष नव्हे, तिचा स्वभाव आहे.

‘ताणलंय’ म्हणजे सांगायचं संपलंय आणि भाग संपत नाहीत. ओळखायची खूण सोपी: मधला एखादा भाग पूर्ण वगळला तरी पुढचं सगळं कळतं का? कळत असेल तर ताणलंय. दोन तासांची गोष्ट आठ भागांत बसवली की तिसऱ्या ते सहाव्या भागात पात्रं तीच माहिती एकमेकांना पुन्हा सांगत बसतात, प्रत्येक भागाच्या शेवटी दार उघडतं आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला त्या दारात कुणीच नसतं.

‘गुंडाळलंय’ ही याच्या उलट तक्रार आणि माझ्या मते सगळ्यात गंभीर. ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे पहिले सहा सीझन दहा-दहा भागांचे होते. सातवा सात भागांचा, आठवा सहा भागांचा. शेवटचे भाग लांब होते हे खरं, तरीही आधी ज्या प्रवासाला भागच्या भाग लागायचे तो आता एका कटमध्ये संपू लागला. पात्राचं मन बदलायला जो वेळ लागतो तो पडद्यावर मिळालाच नाही. शेवट काय झाला याच्यापेक्षा तिथवर आम्हाला चालत का नेलं नाही, ही त्या रागामागची खरी गोष्ट होती. असंख्य मतं वाचून माझं तरी हेच मत झालं आहे.

म्हणून मत देताना या तिघांतला नेमका शब्द निवडा. वाचणाऱ्याचा निर्णय त्यावर ठरतो. मला ‘स्लो’ चालतं, ‘ताणलेलं’ चालत नाही.

शेवट फसला तर आधीचं सगळं वाया जातं का?

(इथे तीन जुन्या मालिकांच्या शेवटांचा उल्लेख आहे.)

मला तसं वाटत नाही, पण ज्यांना वाटतं त्यांचं दुःख मला कळतं. शेवट हा मागे वळून सगळ्यावर प्रकाश टाकतो. बाप मुलांना त्यांची आई कशी भेटली ते सांगतो त्या ‘हाऊ आय मेट युवर मदर’चा शेवट २०१४ मध्ये आला तेव्हा नऊ सीझन ज्या आईची वाट पाहिली तिला काही मिनिटांत निरोप दिला गेला. लोक इतके दुखावले की पुढे डीव्हीडीवर वेगळा शेवट दिला गेला.

२००७ च्या जूनमध्ये ‘द सोप्रानोज’ संपली ती अचानक काळ्या पडद्यावर. तेव्हा बघणाऱ्या अनेकांना वाटलं की नेमकी आताच केबल गेली. दुसऱ्या दिवशी राग, आणि आज तोच शेवट टेलिव्हिजनच्या इतिहासातल्या सर्वांत धाडसी शेवटांत गणला जातो. म्हणजे पहिल्या रात्रीचं मत खोटं होतं असं नाही. त्याला मुरायला वेळ हवा होता.

विमान कोसळून बेटावर अडकलेल्या प्रवाशांच्या ‘लॉस्ट’चं तर वेगळंच झालं. २०१० मध्ये शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीवर वाहिनीनं विमानाच्या निर्मनुष्य अवशेषांची दृश्यं दाखवली. लगेच बातम्या सुरू होण्याआधी प्रेक्षकांना आवंढा गिळायला थोडा वेळ मिळावा, एवढाच त्यामागचा हेतू होता. ती कथेचा भागही नव्हती. पण बघणाऱ्यांनी त्यावरून ‘म्हणजे सगळे पहिल्यापासून मेलेलेच होते’ असा अर्थ काढला. मालिकेत याच्या उलट स्पष्ट संवाद आहे, तरी हा गैरसमज आजही भेटतो. बातम्यांआधीची काही सेकंदांची दृश्यं सहा सीझनांवर सावली धरून बसली.

दोन सीझनांमध्ये इतकी वर्षं का जातात? तोवर विसरायला होतं.

ही तक्रार रास्त आहे. ‘सेव्हरन्स’चा पहिला सीझन २०२२ च्या एप्रिलमध्ये ऐन उत्कंठेवर संपला आणि दुसरा जानेवारी २०२५ मध्ये आला. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा त्यातली पोरं सायकली हाणत होती. पाचवा सीझन २०२५ च्या अखेरीस आला तोवर ते कलाकार विशी ओलांडून गेले होते.

कारणं खरी आहेत. अमेरिकेत २०२३ मध्ये लेखकांचा संप १४८ दिवस चालला, कलाकारांचा ११८ दिवस, आणि मधले कित्येक आठवडे दोन्ही एकाच वेळी. त्यात दृश्यपरिणामांचं काम मोठ्या सिनेमाइतकं वाढलं आहे. पण प्रेक्षकाच्या बाजूनं बोलायचं तर, तीन वर्षांनी परतणाऱ्या मालिकेनं आम्हाला नीट परत आत घ्यायला हवं. दीड मिनिटाच्या ‘आतापर्यंत’मध्ये ते होत नाही. मी शेवटचे दोन भाग पुन्हा पाहून मगच नवा सीझन लावते, आणि तसं करणाऱ्यांची नव्या सीझनवरची मतं थोडी मऊ असतात असं माझ्या लक्षात आलं आहे.

सगळे भाग एकदम बरे, की दर आठवड्याला एक?

मी आठवड्याच्या बाजूची आहे, लपवत नाही. नेटफ्लिक्सनं २०१३ च्या फेब्रुवारीत ‘हाऊस ऑफ कार्ड्‌स’चे १३ भाग एका दिवशी सोडले आणि बघण्याची सवयच बदलली. सोय झाली, पण बोलणं संपलं. तुम्ही चौथ्या भागावर, मैत्रीण नवव्यावर, भाऊ संपवून मोकळा. कुणी कुणाशी बोलायचं?

‘द पिट’ पाहताना मला जुना आनंद परत मिळाला. इस्पितळाच्या तातडीच्या विभागातली एक पंधरा तासांची पाळी, पंधरा भाग, प्रत्येक भाग म्हणजे पाळीतला एक तास. २०२५ च्या सुरुवातीला ती आठवड्या-आठवड्यानं उलगडत गेली आणि मधल्या दिवसांत मतं मुरत गेली. यात सगळ्यात वाचनीय मतं होती तिथेच काम करणाऱ्या डॉक्टरांची आणि परिचारिकांची. कोणती प्रक्रिया बरोबर दाखवली आणि कुठे सूट घेतली हे ते सांगत होते, आणि बाहेर ताटकळणाऱ्या रुग्णांची गर्दी, एका मृत्यूनंतर श्वास घ्यायलाही न मिळता पुढच्या खाटेकडे वळणं, हे किती ओळखीचं आहे तेही. विषयातल्या माणसाचं असं मत शंभर तारकांपेक्षा मोलाचं.

सबटायटल वाचून पाहावं की डब केलेलं?

मूळ आवाज ऐकता येत असेल तर मूळ. अभिनयाचा अर्धा भाग आवाजात असतो. ‘स्क्विड गेम’वर मतं देणारे दोघं कधीकधी एकमेकांना पटतच नाहीत, आणि मग कळतं की एकानं कोरियन आवाजात पाहिली, दुसऱ्यानं डब. एकाला नायक हळवा वाटला, दुसऱ्याला आरडाओरडा करणारा. दोघांनी वेगवेगळे आवाज ऐकले होते. त्या भूमिकेसाठी ली जंग-जे यांना २०२२ मध्ये एमी मिळाला, आणि नाट्यमालिकेतल्या प्रमुख अभिनेत्याचा तो पुरस्कार मिळवणारे ते पहिले आशियाई कलाकार ठरले. तो आवाज न ऐकता त्या अभिनयावर मत देणं मला अपुरं वाटतं.

‘शोगन’मध्ये संवादांचा मोठा भाग जपानी आहे. ‘सबटायटलमुळे मोबाइल हातात घेताच आला नाही’ अशा अर्थाची मतं तिच्यावर मी पुष्कळ वाचली, आणि बहुतेकांनी ती कौतुकानं दिली होती. २०२४ मध्ये तिला १८ एमी मिळाले, एका सीझनला एका वर्षात मिळालेले सर्वाधिक.

तरी डबचं महत्त्व मी नाकारत नाही. ज्याला अक्षरं भरभर वाचता येत नाहीत, ज्याचे डोळे थकलेत, त्याच्यासाठी डब हाच दरवाजा आहे. मतात फक्त ‘डब पाहिली’ एवढं लिहावं.

काळोखात काही दिसत नाही, संवाद ऐकू येत नाहीत. दोष कुणाचा?

थोडा बनवणाऱ्यांचा, थोडा टीव्हीच्या सेटिंगचा. २८ एप्रिल २०१९ ला ‘गेम ऑफ थ्रोन्स’चा रात्रीच्या लढाईचा भाग आला, ८२ मिनिटांचा, आणि निम्म्या जगानं विचारलं की कोण कुणाला मारतंय. छायाचित्रकारानं बाजू मांडली की चित्रण मुद्दाम तसंच होतं आणि घरच्या टीव्हीची मांडणी चुकीची असते. मी तो भाग आधी दुपारी पडदे उघडे ठेवून पाहिला होता. पडद्यावर मला खिडकी दिसत होती आणि तिच्या मागे कुठेतरी लढाई. नंतर रात्री दिवे मालवून पुन्हा पाहिला, तेव्हा घोडेस्वारांच्या पेटत्या तलवारी दूर अंधारात एकेक करून विझतात तो क्षण पहिल्यांदा नीट दिसला. अंगावर काटा आला. तरीही स्ट्रीमिंगमध्ये चित्र दाबून पाठवलं जातं, काळ्या भागात त्याचे ठोकळे पडतात, आणि हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरायला हवं. घरोघरी काळोख करून बसा, असं सगळ्यांना सांगता येत नाही.

टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ किंवा ‘सिनेमा’ असेल तर तो निवडा आणि मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद करा. त्या एका सेटिंगमुळे उत्तम चित्रण स्वस्त व्हिडिओसारखं दिसतं, आणि ‘मेकिंग फालतू वाटलं’ या मतांमागे कधीकधी तेच असतं. संवादांसाठी ऑडिओच्या यादीत ५.१ (अनेक स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी स्टीरिओ असेल तर तो लावून बघा. सपाट टीव्हीचे स्पीकर मागे किंवा खाली तोंड करून असतात, शब्द भिंतीशी बोलतात.

‘अ‍ॅडोलसन्स’बद्दल सगळेच इतकं का बोलत होते?

(दुसऱ्या आणि तिसऱ्या भागाचा उल्लेख आहे.)

मार्च २०२५ मध्ये आलेली चारच भागांची मालिका. तेरा वर्षांच्या मुलावर वर्गातल्या मुलीच्या खुनाचा आरोप. प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये, कुठेही कट नाही. सुरुवातीची मतं याच करामतीबद्दल होती: दुसऱ्या भागाच्या शेवटी कॅमेरा शाळेतून उठून ड्रोनवरून उडत खुनाच्या जागेपर्यंत कसा गेला, वगैरे. पण दोन आठवड्यांनी लोक त्याबद्दल बोलेनासे झाले आणि आपल्या मुलांबद्दल बोलू लागले. बंद दाराआड तो काय बघतो, मला माहीत नाही, असं पालक लिहू लागले. मालिकेनं मनात घर केलं याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

मला स्वतःला तिसरा भाग सुटत नाही. एक खोली, मानसतज्ज्ञ बाई आणि तो मुलगा. मधेच मुलाला जांभई येते आणि ती विचारते, मी कंटाळा आणते का तुला? ती जांभई ओवेन कूपरला खरीच आली होती आणि एरिन डोहर्टीनं जागच्या जागी तिला वाक्य जोडलं. मुलगा दचकून हसतो. क्षणभर आपल्यालाही तो नुसता मुलगा वाटतो, आणि काही मिनिटांत तोच तिच्या अंगावर ओरडत उभा असतो. कट नाही, म्हणून आपल्यालाही नजर वळवायला जागा नाही. एक सलग शॉट का घ्यायचा, याचं उत्तर ड्रोनपेक्षा या खोलीत जास्त आहे. कूपरला या भूमिकेसाठी वयाच्या पंधराव्या वर्षी एमी मिळाला.

विरोधी मतंही होती आणि त्यातलं एक मला पटतं: मेलेल्या मुलीची बाजू फार थोडी येते. तिची मैत्रीण दुसऱ्या भागात संतापते, तेवढाच काय तो तिचा आवाज. हे मालिका आवडूनही म्हणता येतं.

‘द बेअर’ विनोदी मालिका आहे का?

बहुतेक प्रेक्षकांचं उत्तर ‘नाही’ असं आहे, माझंही. तरीही २०२४ मध्ये तिला विनोदी मालिकांच्या गटात ११ एमी मिळाले. पुरस्काराचा गट पाहून मालिका निवडू नका.

आमच्या मतानं बनवणाऱ्यांना काही फरक पडतो का?

पडतो, आणि याचा मला फार आनंद आहे. ‘जेरिको’ ही मालिका २००७ मध्ये बंद केली गेली. तिच्या शेवटच्या भागात एक पात्र ‘नट्स’ (शब्दशः ‘दाणे’) असं म्हणतं, तो शब्द पकडून प्रेक्षकांनी वाहिनीच्या कचेरीत शेंगदाण्यांची पोती पाठवायला सुरुवात केली. सुमारे २० टन शेंगदाणे पोचले आणि वाहिनीनं आणखी सात भागांना मंजुरी दिली. २०१८ च्या मे महिन्यात ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’ एका वाहिनीनं बंद केली, प्रेक्षकांनी एवढा गलका केला की दुसऱ्या दिवशीच दुसऱ्या वाहिनीनं ती उचलली. त्याच महिन्यात ‘द एक्स्पान्स’साठी चाहत्यांनी छोटं विमान भाड्यानं घेऊन अ‍ॅमेझॉनच्या कचेरीवरून फलक फिरवला, आणि अ‍ॅमेझॉननं पुढचे सीझन केले.

कथा मात्र मतांवर चालवू नये असं मला ठाम वाटतं. मालिका वाचवायला आवाज उठवावा, तिनं काय सांगावं हे लिहिणाऱ्यावर सोडावं.

मोबाइल बघत बघत पाहिलं. मत द्यावं का?

द्या, पण तसं सांगा. आणि ‘कथा कळलीच नाही’ हे वाक्य तेवढं टाळा.

स्पॉयलर किती दिवस जपायचे?

स्पॉयलर, म्हणजे कथा आधीच फोडणारी माहिती. नव्या भागाबद्दल उघड्यावर बोलताना मी महिनाभर जपते. शीर्षकात आणि चित्रात शेवट फोडणं मात्र वर्षानंतरही चुकीचंच. वाचायचं की नाही हे ठरवायची संधीच त्यात समोरच्याला मिळत नाही.

मत बदललं तर आधीचं पुसून टाकावं का?

पुसू नका, खाली तारीख घालून नवं लिहा. ‘सेव्हरन्स’चे पहिले दोन भाग पाहून मी एका जवळच्या मैत्रिणीला ‘कोरडी आहे, नको बघूस’ असं सांगितलं होतं. मी नंतर शेवटापर्यंत गेले आणि नवव्या भागाला उभी राहून बघत होते, बसवत नव्हतं. तिला मात्र माझा पहिलाच शब्द लक्षात राहिला होता. तिनं ती लावायला दीड वर्ष घेतलं. तेव्हापासून कुणाला ‘नको बघूस’ म्हणायच्या आधी मी किती पाहिलंय ते सांगते.

चांगलं मत लिहायचं कसं? मला ‘मस्त आहे’ याच्यापुढे सुचत नाही.

एक प्रसंग निवडा. कोणत्या भागात, कोण कुठे उभं होतं, काय म्हणालं किंवा म्हणालं नाही, आणि तेव्हा तुम्हाला काय झालं. पाणी आलं, राग आला, मोबाइलकडे हात गेला, जे झालं ते. मग सांगा की किती भाग पाहिले, मूळ भाषेत की डब, एका बैठकीत की आठवडाभर. चार-पाच ओळी होतील. गुण द्यायचेच तर शेवटी द्या. आणि लिहायच्या आधी इतरांची मतं वाचू नका. एकदा वाचली की आपल्याला काय वाटलं होतं ते आठवणं अवघड जातं. मी श्रेयनामावली चालू असतानाच दोन ओळी खरडून ठेवते, पुढचा भाग आपोआप सुरू व्हायच्या आत.